दोन भिंती आणि चार बोटं

गुण्या हे काही त्याचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. गुण्या म्हणजे सुताराचं काटकोन तपासायचं हत्यार. ते ह्याच्या खिशात कायम असायचं, म्हणून लोकांनी हत्याराचं नाव माणसालाच लावून टाकलं. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तर आधी दाराची चौकट बघायचा, मग घरातली माणसं. "बसा" म्हटलं की खुर्ची हलवून बघायचा. एका लग्नात नवरानवरीच्या डोक्यावर चार काठ्यांचं छत धरलं होतं, प्रार्थना चालली होती, बायका डोळे पुसत होत्या, आणि हा मागून मोठ्यानं म्हणाला, "उजवी काठी दोन सूत आखूड आहे." नवरीच्या बापानं पुढे वर्षभर ह्याला काम दिलं नाही.

"ह्यांना वर नेलं ना," त्याची बायको म्हणायची, "तर देव राहील बाजूला, आधी फाटकाच्या बिजागऱ्या तपासतील."

बायको बोलकी, हा घुमा. दोघांच्या वाटचं ती एकटी बोलायची आणि दोघांच्या वाटचं हा एकटा गप्प बसायचा. पोरबाळ नव्हतं. दुकानामागच्या एका खोलीत तीस वर्षं त्यांचं असं बरं चाललं होतं.

आवारात ज्यूंची अकरा घरं, गुण्याचं त्यातलंच एक. मधे फरशीचं अंगण, एका अंगाला प्रार्थनेची खोली, दुसऱ्या अंगाला गुण्याचं दुकान. वर्षातून एकदा त्या अंगणात मांडव पडायचा. सुक्कोत नावाचा त्यांचा सण. वाडवडील रानोमाळ भटकत होते तेव्हा झोपड्यांतून राहिले, त्याची आठवण म्हणून सात दिवस मांडवात जेवायचं. वर पक्कं छप्पर चालत नाही. फांद्या टाकायच्या, त्याही अशा विरळ की फटींतून चांदण्या दिसल्या पाहिजेत. आणि मुख्य गोष्ट म्हणजे ह्या सणात आनंदात राहायचं असा हुकूमच आहे. तोंड पाडून बसायची सोय नाही.

मांडव गुण्यानं केलेला. तीन भिंती, भिंतीला सात फळ्या, पुढची बाजू मोकळी. खिळा एकही नाही, फळ्या एकमेकींच्या खाचेत बसायच्या, आणि हातानं जुळवल्यामुळे एकीच्या जागी दुसरी काही केल्या जायची नाही. आधी त्यानं फळ्यांवर पेन्सिलीनं आकडे घातले होते. ते पुसून जायचे आणि दर सणाला अंगणात भांडण व्हायचं. मग बायकोनं बाजारातून नेलपॉलिशची लाल बाटली आणली. जन्मात नखांना लावलं नव्हतं, ते फळ्यांना लावलं. टोकाशी आडवी रेघ म्हणजे मागची भिंत, उभी म्हणजे डावी, तिरकी म्हणजे उजवी, आणि रेघेखाली एक ते सात ठिपके. मांडवाच्या दिवशी ती ढिगाशी उभी राहून ओरडायची, "डावी तीन!" आणि हा फळी नेऊन बसवायचा. "मागची पाच! अहो, पाच म्हटलं, हातात काय आहे बघा!" दीड तासात मांडव उभा. खुणा काय त्या दोघांनाच ठाऊक. तिसऱ्यानं कधी विचारल्या नाहीत, ह्यांनी कधी सांगितल्या नाहीत.

त्या वर्षी शहर बिघडलं होतं. कोण कुणाशी कशावरून भांडतंय हे पेपरात रोज छापून यायचं आणि रोज वेगळं असायचं. चौकात शिपाई, दुकानांची शटरं अर्धी खाली, संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर यायची बंदी. लाकडाच्या वखारीला तीन आठवडे कुलूप. त्यातच बायकोच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाला, मोठ्या इस्पितळात न्या. मोठ्या इस्पितळाच्या वाटेवरचा पूल बंद होता. पूल उघडला तेव्हा डॉक्टर म्हणाला, आता हलवू नका.

सण लागायचा त्याच दिवशी पहाटे ती गेली. त्यांचा सण दिवस मावळताना लागतो. म्हणजे मधे उरले बारा तास.

चष्मेवाले काका आले. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, आणि आवाराला धर्मगुरू परवडत नसल्यामुळे प्रार्थना, लग्नं, मयत सगळं तेच बघायचे.

"आज दुपारीच करून टाकू," ते म्हणाले. "मावळायच्या आत."

"मग सात दिवस?" गुण्यानं विचारलं.

त्यांच्यात माणूस गेलं की घरच्यांनी सात दिवस बुटक्या स्टुलावर बसायचं. कामाला हात लावायचा नाही. दार उघडं ठेवायचं, लोक येतात, गेलेल्या माणसाबद्दल बोलतात, ऐकतात. चार महिने गुण्यानं हे एकच मनात धरून ठेवलं होतं. ती गेली की बसायचं. लोक तिच्याबद्दल सांगतील ते ऐकायचं, आणि जमलं तर, आयुष्यात एकदा, आपणही काही बोलायचं. सात दिवसांत त्याच्यासारख्यालाही दोन वाक्यं सुचली असती.

काका चष्मा काढून पुसायला लागले. "मयत करून आल्यावर तासभर बस. तेवढे तुझे सात दिवस झाले असं धरायचं. सण लागला की दुखवटा मोडतो."

"आणि सण संपल्यावर?"

"संपल्यावर नाही. पुढे ढकलत नाही रे, मोडतोच."

"आणि मयतच सण लागल्यावर झाली तर?"

"तर सण संपल्यावर पुरे सात दिवस मिळतील." काकांनी चष्मा नाकावर ठेवला आणि त्याच्याकडे नीट बघितलं. "पण मग तिला दोन दिवस अशीच ठेवायची. तुझ्या सात दिवसांसाठी. आहे तयारी?"

 गुण्याची तयारी होती, तेच तर सांगता येईना.

त्यांच्यात पेटीही साधी असते. कोऱ्या फळ्या, रंग नाही, पॉलिश नाही, लोखंडाचा खिळा चालत नाही, लाकडी खुंट्या मारायच्या. आवारातल्या पंचवीस वर्षांतल्या सगळ्या पेट्या गुण्याच्याच हातच्या. ही दुसरं कोण करणार? पण वखार बंद, आणि दुकानात नुसते तुकडे.

"माझ्याकडे पावाच्या फळ्या आहेत," शेजारचा बेकरीवाला म्हणाला. तो ह्याचा लहानपणापासूनचा दोस्त.

"तेलकट आहेत. आणि वाकल्यात."

"पावानं कधी तक्रार केली नाही."

"ती करेल," गुण्या म्हणाला, आणि दुकानाच्या पोटमाळ्यावर चढला. मांडवाच्या फळ्या तिथं चादरीत बांधून ठेवल्या होत्या. लांब, सरळ, वीस वर्षं वाळलेल्या. त्यातली उजवी भिंत त्यानं खाली घेतली. सातच्या सात. लाल खुणांची टोकं कापून टाकली की उरतं ते कोरंच.

मयतीला दहा माणसांचा पास मिळाला होता, एक ते चार. दोनपर्यंत पेटी झाली नाही तर आज निघणं नव्हतं. हे गुण्याच्या लक्षात आलं तेव्हा तो पहिली फळी ठोकळ्यावर ठेवत होता. कुणाशी खोटं बोलायला नको, काकांशी वाद नको. नुसता उशीर झाला की पुरे. पेटीला उशीर होणं काही गुन्हा नाही.

त्यानं रंधा उचलला. फळ्यांना रंध्याची गरज नव्हती, तरी हळूहळू मारायला लागला. थोरली मेहुणी, बायकोची मोठी बहीण, मागच्या खोलीत दोन बायकांना घेऊन तिला आंघोळ घालत होती. ती ओल्या बाह्यांनी दारात आली.

"भाऊजी, रंधा कशाला? गुळगुळीतच आहेत की."

"टोचेल."

"कुणाला?"

गुण्यानं रंधा खाली ठेवला.

मग त्यानं खुंट्यांना वेळ लावायचं ठरवलं. पण चाळीस वर्षांची सवय लागलेले हात. एक भोक पाडलं की दुसऱ्याची जागा बोटं आपोआप चाचपायची. मुद्दाम चहा मागितला, तर चहा येईस्तोवर दोन बाजू जुळल्या. मुद्दाम पटाशीला धार लावत बसला, तर धारेची पटाशी हातात आल्यावर ती काय नुसती बघत बसायची? शेवटी एक खुंटी त्यानं जाणूनबुजून तिरपी ठोकली, म्हणजे उखडावी लागेल, फळी चिरेल, नवी बघावी लागेल. ठोकली, तिच्याकडे बघितलं, आणि हातोडी खाली ठेवायच्या आत त्यानं ती काढून सरळ बसवली. फळीला ओरखडासुद्धा नाही.

साडेबाराला पेटी तयार. चारी कोपरे त्यानं गुण्या लावून तपासले. अर्ध्या सुताचा फरक नव्हता. स्वतःच्या हातांचा राग त्याला जन्मात पहिल्यांदा आला.

सातव्या फळीतून डोक्याकडची आणि पायाकडची बाजू कापली होती. तिचा तीन फुटांचा तुकडा उरला. तो भिंतीला टेकवून ठेवला आणि सगळे निघाले.

कबरस्तानातलं फार सांगण्यासारखं नाही. काकांनी रीतीप्रमाणे त्याचा सदरा छातीवर टीचभर फाडला. दहा माणसांनी आळीपाळीनं फावडं मारलं, ज्याच्या हातात फावडं नसेल तो घड्याळ बघायचा. फाटकावरच्या शिपायानं परत येताना दहा डोकी मोजली आणि पास ठेवून घेतला.

घरी आले तेव्हा साडेचार. दुखवट्यात आरसा झाकतात, म्हणून मेहुणीनं आरशावर चादर टाकली होती. शेजारणीनं रीतीचं उकडलेलं अंडं आणून दिलं, ते त्यानं खाल्लं. मग बुटक्या स्टुलावर बसला. समोर काका, मेहुणी आणि आणखी दोघं जमिनीवर. दुखवट्यात बसलेल्यानं तोंड उघडल्याशिवाय आलेल्यांनी बोलायचं नाही अशी रीत. म्हणून सगळे गप्प. त्यालाच सुरुवात करायची होती, आणि साडेपाचपर्यंतच करायची होती.

त्यानं डोळे मिटले. पहिल्यांदा ती दुकानात आली तेव्हापासून आठवायचं असं ठरवलं. ती मोडकं स्टूल घेऊन आली होती. पाय निखळला होता. म्हणाली होती, "हे आजच पाहिजे..." आणि पुढे काहीतरी, ज्याला तो हसला होता. काय म्हणाली होती?

बाहेर अंगणात फळीवर फळी घासल्याचा आवाज झाला.

मांडव तर उभा राहायला हवा होता. गुण्या बसलाय, त्याला कसं बोलवायचं, म्हणून बेकरीवाला चार जणांना घेऊन राहिलेल्या चौदा फळ्यांशी झटत होता.

"अरे, दाब ना!"

"दाबतोय, जात नाही."

"मग उलटी करून बघ."

"तीन वेळा उलटी केली! फळीच्या जागी बायको असती तर वैतागून माहेरी गेली असती."

"शूऽ, आत बसलेत ते."

हे आजच पाहिजे, म्हणाली होती. आजच पाहिजे, नाहीतर... नाहीतर काय? बाहेर लाकूड करकरलं. गुण्याची बोटं मांडीवर हलायला लागली. त्या आवाजावरून त्याला कळत होतं की फळी कुठली आहे, कुठं घालताहेत आणि कुठं अडली आहे. त्यानं कान बंद करून बघितले. हात कानांवर धरून बसलेला माणूस रडत असेल असं वाटून मेहुणीनं पदर डोळ्यांना लावला.

"ठोक मग!" बाहेर बेकरीवाला म्हणाला. "हातोडी आण."

पाच वीस झाले होते. गुण्यानं तोंड उघडलं. खोलीतली चारही माणसं पुढे सरकली.

"ती डावी चार आहे," तो म्हणाला. "मागच्या भिंतीला बसायची नाही. ठोकू नका म्हणावं, खाच फाटेल."

 काकांनी खिडकीतून हात करून ठोकाठोक थांबवली.

"तिच्याबद्दल काही बोला हो, भाऊजी," मेहुणी म्हणाली.  "दहा मिनिटं राहिली. एवढं तरी बोला."

गुण्यानं मान हलवली. बोलायचं होतंच. 

"तिरकी रेघ म्हणजे उजवी," तो म्हणाला. "उभी डावी. आडवी मागची. खाली ठिपके असतात, ते मोजायचे."

"भाऊजी!"

"लाल असतात," तो म्हणाला, आणि त्याच्याकडचं संपलं.

साडेपाचला काका उठले आणि त्याला खांद्याला धरून उभं केलं. "ऊठ गुण्या. झाले तुझे सात दिवस." मेहुणीनं आरशावरची चादर ओढली. त्यात दाढी वाढलेला, छातीवर फाटका सदरा घातलेला एक इसम उभा होता. सणाला फाटकं चालत नाही. त्यानं धुतलेला सदरा घातला आणि बाहेर गेला.

ढिगाशी उभं राहून ओरडायला कुणीतरी पाहिजे होतं. त्यानं बेकरीवाल्याला खुणा सांगून उभं केलं.

"मागची... सहा. का सात? पॉलिश उडालंय रे इथलं."

"सहा आहे. सातवा ठिपका लांब असतो तिचा. तिथं बाटली कलंडली होती."

डावी भिंत उभी राहिली, मागची उभी राहिली. वर फांद्या पडल्या. उजवीकडून अंगण, आवाराचं फाटक आणि फाटकापलीकडचा शिपाई असा सगळा देखावा उघडा.

मेहुणीनं आरशावरची चादर आणली. "ही लावा."

"वाऱ्यानं हलणारी भिंत चालत नाही," काका म्हणाले.

"मग आता कुठून आणायची भिंत?"

"दोन भिंती पुऱ्या असल्या आणि तिसरी नुसती चार बोटं रुंद असली तरी मांडव चालतो. फक्त उंची दहा मुठी पाहिजे."

"चार बोटं?" बेकरीवाला म्हणाला. "ज्यानं हा नियम केला त्याच्या गावची वखारही बंदच असणार."

दोघंतिघं हसले. गुण्या दुकानात गेला आणि तो तीन फुटांचा तुकडा घेऊन आला. मुठींनी मोजला. दहा भरल्या. टोकाशी तिरकी रेघ आणि सात ठिपके तसेच होते. त्यानं तो उजव्या बाजूला उभा केला, गुण्या लावला, बुडाशी पाचर मारली.

मावळतीला अकरा घरं मांडवात बसली. गाणी म्हणायची होती, पण सातनंतर आवाज झाला की शिपाई फाटक वाजवायचा. म्हणून बेकरीवाला सगळ्यांना सांगत फिरत होता, "आनंद करा, पण दाबून करा. टाळ्या बोटांनी." बायका ओठांतल्या ओठांत गात होत्या. पोरांना त्याचीच गंमत वाटून ती फिदीफिदी करत होती.

द्राक्षरसाचा पेला आधी मांडववाल्यानं घ्यायचा आणि आशीर्वाद म्हणायचा, हा वीस वर्षांचा मान. मेहुणी म्हणाली, ह्या खेपेला काका म्हणतील. काका म्हणाले, "सण आहे. त्याचा मान त्याचाच." पेला गुण्याच्या हातात आला. त्या आशीर्वादात देवाचे आभार असतात, की आम्हाला जिवंत ठेवलंस, सांभाळलंस आणि ह्या वेळेपर्यंत आणून पोचवलंस. दर वर्षी तो भराभरा पुटपुटायचा आणि बायको शेजारून कोपर मारून म्हणायची, "नीट म्हणा, पळत सुटल्यासारखं काय!"

"जिवंत ठेवलंस," इथवर तो आला आणि थांबला.  सगळे त्याच्याकडे न बघता वाट बघत होते. पळत सुटायचं म्हटलं तरी आता जमेना. एक एक शब्द ठोकून बसवावा तसा त्यानं तो आशीर्वाद पुरा केला. आमेन झालं. कुणीतरी म्हणालं, आज फार छान म्हटलंत.

सणाचे सगळे दिवस असेच गेले. सणात दुःखाची आठवण काढायची नाही, म्हणून कुणी तिचं नाव काढलं नाही. लोक येताजाता सणाच्या शुभेच्छा द्यायचे, हा परत द्यायचा. हसायची वेळ आली की हसायचा. उजवीकडून वारा आला की सगळे सरकून डावीकडे बसायचे, हा तिथंच, त्या चार बोटांच्या भिंतीशी.

सण संपल्यावर मांडव उतरला. त्याच आठवड्यात वखारीचं कुलूप निघालं. गुण्यानं सात फळ्यांचं लाकूड आणलं. त्यानं मनाशी ठरवलं होतं, कुणाला सांगितलं नव्हतं. रोज एक फळी. बुटक्या स्टुलावर बसून करायची, दुकानाचं दार उघडं ठेवायचं. सात फळ्या, सात दिवस. मग कुणी आलं तर आलं.

पहिल्या दिवशी सकाळी बसला. कुणी आलं नाही. लोकांच्या लेखी त्याचा दुखवटा कधीच संपला होता. एक बाई कपाटाचं दार घासतंय म्हणून सांगायला आली, तेवढीच.

दुपारी मेहुणी जेवायला बोलवायला आली तेव्हा दुकानाच्या भिंतीला सहा फळ्या टेकवलेल्या होत्या. कापलेल्या, खाचा पाडलेल्या. सगळीकडे भुसा. गुण्या स्टुलावर हात पालथे टाकून बसला होता आणि त्या हातांकडे दुसऱ्याचे असावेत तसं बघत होता.

"एवढी कसली घाई होती, भाऊजी? वर्ष आहे की अजून."

"घाई नव्हती," तो म्हणाला.

तिनं फळ्या मोजल्या. "सहाच झाल्यात. सातवी?"

सातवीचं लाकूड त्याच्या पायाशी कोरं पडलं होतं. तो तीन फुटांचा तुकडा मांडीवर होता.

"राहिलीय."

"मग ती करून उठताय का जेवून करताय?"

गुण्यानं तुकड्यावरच्या ठिपक्यांवरून अंगठा फिरवला. मेहुणी थोडा वेळ उंबऱ्यात उभी राहिली, मग आत आली, भुसा पायानं बाजूला केला आणि जमिनीवर बसली. आणि दुखवट्याला आल्यासारखी, तो बोलायची वाट बघत गप्प राहिली.